ट्रेलर घरीच बनवायचाय: एक एक्सल की दोन?

भावा, रेस ट्रॅकवर पळवायची गाडी लादून न्यायला ट्रेलर बनवायचाय ना? कोल्हापूरच्या उद्यमनगरात फॅब्रिकेटरकडं गेलास की तो म्हणणार, "एकच एक्सल बास, ऊसाची ट्रॉली चालतीय की!" पण ट्रॉली ट्रॅक्टरच्या वेगानं चालते, तू हायवेला ८० नं जाणार.

आधी वजन बघ. गाडी ११०० किलो, ट्रेलर ४५०-५०० किलो, म्हणजे १६०० धर. एका एक्सलवर हे जवळजवळ सगळं दोन टायरांवर येतं. एक फुटला तर ट्रेलर तिकडंच ओढतो. दोन एक्सल असले तर उरलेले तीन टायर सांभाळून घेतात, डोलणंही कमी.

खर्चात एक एक्सल सरळ स्वस्त: टायर, बेअरिंग, स्प्रिंगचे पाटे सगळं निम्मं. पार्किंगमध्ये हातानं फिरवायलाही सोपा. दोन एक्सलचा ट्रेलर जागेवर वळवताना टायर घासतात.

ब्रेक मात्र दोन्हीत हवेतच, आंबा घाटाचा उतार ब्रेकवाचून नको. ओढणाऱ्या गाडीच्या हुकवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १०-१५ टक्के भार ठेव; ट्रेलरवरची गाडी मागं सरकली की ट्रेलरचं शेपूट हलतं. आणि वेल्डिंगआधी आरटीओत नोंदणीचं विचार.

गाव-परिसरातल्या ट्रॅकपुरतं, हलकी गाडी असेल तर एक. कोईमतूर-चेन्नईच्या ट्रॅकला न्यायची तर दोनच.