शरणपूरचा बायबल अभ्यासवर्ग: एका द्राक्षवाल्याचा अनुभव

मी निफाडचा, अडीच एकर द्राक्षबाग. नाशिकच्या शरणपूर भागातल्या एका मंडळीत (चर्चमध्ये) शनिवारी बायबलमधल्या संदेष्ट्यांवर, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्यांवर, वर्ग असतो. चार शनिवार गेलो. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ५ वा अध्याय वाचताना अंगावर काटा आला. एवढ्या निगुतीनं लावलेला द्राक्षमळा आणि लागतात रानटी द्राक्षं! पुढे ८ व्या वचनात शेताला शेत जोडत जाणाऱ्यांचा धिक्कार. आमच्याकडे बागा तोडून प्लॉट पडताहेत, तेच दिसलं. आमोसाच्या ८ व्या अध्यायातले खोटे तराजू ऐकून माझे पैसे बुडवून पळालेला व्यापारी आठवला. मग वर्ग घेणाऱ्या ताईंनी यिर्मया २२:१३ (अध्याय २२, वचन १३) काढलं, मजुरी न देणाऱ्यांबद्दलचं. "भाऊ, तुमच्या मजुरांची हजेरी चुकती आहे का?" दोन आठवड्यांची थकली होती. सोमवारी दिली. वर्ग मोफत. मागे ऐकू येत नाही, पुढे बसा.