अर्धे वर्ष पगार, पूर्ण वर्षाच्या हिशेबाने कपात : प्राप्तिकराच्या ई-फायलिंग सेवेचे परीक्षण

आर्थिक वर्ष 2024-25 मध्ये मी सप्टेंबरअखेर नोकरी सोडली आणि मार्चपर्यंत दुसरी धरली नाही. पगारातून कापला गेलेला कर परत मिळवण्यासाठी प्राप्तिकर खात्याच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर मी स्वतःच विवरणपत्र भरले आणि परतावा बँकेत जमा झाला. घरच्या आजारपणामुळे, शिक्षणासाठी, बाळंतपणानंतर किंवा नोकरी गेल्यामुळे ज्यांचा पगार वर्षाच्या मध्यात थांबतो, त्यांना या सेवेचा कितपत उपयोग होतो, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

अशा माणसाचा कर जास्त का कापला जातो, हे आधी समजून घ्यायला हवे. मालक टीडीएस, म्हणजे पगार देतानाच वळता होणारा कर, कापतो तो हातात आलेल्या पगारावर नव्हे, तर वर्षभरात मिळेल अशा अंदाजित पगारावर. समजा, महिन्याचा पगार 1,20,000 रुपये आहे. बारा महिन्यांचे 14,40,000 रुपये होतात आणि नव्या करप्रणालीतील 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट, म्हणजे पगारदाराला सरसकट मिळणारी वजावट, काढली की 13,65,000 रुपये करपात्र राहतात. 2024-25 च्या दरांनी त्यावर 1,13,000 रुपये कर आणि 4 टक्के उपकर मिळून 1,17,520 रुपये होतात, म्हणजे दरमहा सुमारे 9,793 रुपये. सहा महिन्यांत 58,760 रुपये कापले जातात आणि मग नोकरी सुटते. प्रत्यक्षातले वर्षाचे उत्पन्न केवळ 7,20,000 रुपये ठरते. प्रमाणित वजावट महिन्यांच्या प्रमाणात कमी होत नाही, सहा महिने काम केले तरी ती पूर्ण 75,000 रुपयेच मिळते. त्यामुळे करपात्र उत्पन्न 6,45,000 रुपयांवर येते. त्या वर्षी नव्या प्रणालीत सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम 87 अ ची, सगळा कर माफ करणारी, सूट होती. अर्थात कर शून्य, आणि कापलेली सर्व रक्कम परत मिळण्याजोगी.

नोकरी सोडताना अंतिम हिशेब करणाऱ्या लेखा विभागाने हा फरक तिथेच भरून काढावा, अशी अपेक्षा असते आणि ती रास्त आहे, कारण वर्षाच्या आत कपात कमी-जास्त करण्याची मुभा कायद्याने मालकाला दिलेली आहे. माझ्या बाबतीत तसे झाले नाही. पुढे दुसरी नोकरी लागल्यास कर कमी पडेल, या कारणाने शेवटच्या महिन्यातही पूर्ण कपात केली गेली. सरकारजमा झालेला कर मालक परत देऊ शकत नाही. त्यामुळे राजीनामा देतानाच, वर्षात पुढे नोकरी करणार नसल्याचे लेखी कळवून प्रत्यक्ष पगारावर हिशेब मागावा, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. तो मान्य झाला नाही, तर विवरणपत्राखेरीज मार्ग उरत नाही. उत्पन्न करमर्यादेच्या खाली आहे म्हणून विवरणपत्र न भरणाऱ्यांचा कर सरकारकडेच राहतो. प्राप्तिकर खाते आपणहून तो परत पाठवत नाही.

आता सेवेविषयी. तिची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे आधीच भरून येणारी माहिती. पॅनने प्रवेश करून करनिर्धारण वर्ष 2025-26 (2024-25 च्या उत्पन्नासाठी हेच निवडायचे) आणि आयटीआर-1 अर्थात सहज हा फॉर्म निवडला की पगार, कापलेला कर आणि बचत खात्याचे व्याज समोर येते. निवासी व्यक्तीला, एकूण उत्पन्न 50 लाखांपर्यंत आणि पगार, व्याज असे साधे असल्यास, हा फॉर्म पुरतो. मात्र अर्धवट वर्ष काम केलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सप्टेंबरमध्ये नोकरी सोडली तरी पगाराचा वर्षाचा तपशील मालक चौथ्या तिमाहीच्या टीडीएस विवरणपत्रातच देतो आणि त्याची मुदत 31 मे असते. फॉर्म 16, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराचा मालकाने द्यायचा दाखला, देण्याची मुदत 15 जून. एप्रिलमध्ये घाई करून बसलेल्याला रकाने रिकामे दिसले, तर त्यात संकेतस्थळाचा दोष नाही. सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यालाही फॉर्म 16 देणे मालकावर बंधनकारक आहे आणि जुना कार्यालयीन ईमेल बंद झालेला असल्यामुळे आपला खासगी ईमेल पत्ता त्यांच्याकडे आधीच नोंदवलेला असावा.

मी फॉर्म 16, फॉर्म 26 एएस (आपल्या नावे जमा झालेल्या कराचा खात्याकडील उतारा) आणि वार्षिक माहिती विवरण (खात्याकडे आलेल्या आपल्या उत्पन्न-व्यवहारांची यादी) हे तिन्ही शेजारी ठेवून रक्कम जुळवली आणि कोणालाही हेच करण्यास सांगेन, कारण परतावा अडतो तो बहुतेकदा येथेच. मालकाने कापलेला कर 26 एएसमध्ये दिसत नसेल, तर आधी त्यांच्याकडून दुरुस्ती करून घ्यावी. नोकरी सोडल्यावर ज्यांनी भविष्य निर्वाह निधी काढला आहे, त्यांनी अधिक सावध राहावे. सलग पाच वर्षे सेवा होण्यापूर्वी 50,000 रुपये किंवा अधिक काढल्यास त्यावर 10 टक्के टीडीएस होतो आणि त्या रकमेतील करपात्र भाग उत्पन्नात धरावा लागतो. वरच्या उदाहरणात सात लाखांची रेषा ओलांडायला 55,000 रुपयांचे अंतर आहे, आणि अशी रक्कम आली की ते सहज संपते.

बँक खात्याची पूर्वपडताळणी हा भाग उत्तम बांधलेला आहे. खाते पॅनशी जोडलेले आणि नाव पॅनप्रमाणे असेल, तर पडताळणी लवकर होते. पगाराचे जुने खाते बंद करणार असाल, तर चालू राहणारे खाते परताव्यासाठी निवडावे. विवरणपत्र पाठवल्यावर 30 दिवसांच्या आत पडताळणी करणे आवश्यक आहे. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने ती काही क्षणांत होते, आणि ती झाल्याशिवाय विवरणपत्र भरलेच गेले नाही असे मानले जाते. त्यानंतर बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडून कलम 143(1) ची सूचना, म्हणजे तपासलेल्या हिशेबाचा निकाल, ईमेलने येते व स्टेट बँकेमार्फत पैसे खात्यात जमा होतात. माझे विवरणपत्र साधे होते आणि परतावा अपेक्षेपेक्षा लवकर आला.

उणिवा आहेत आणि त्या सांगायलाच हव्यात. प्रक्रिया पूर्ण करण्यासाठी कायद्याने दिलेली मुदत फार लांब आहे : विवरणपत्र भरलेले आर्थिक वर्ष संपल्यानंतर नऊ महिने. ज्याचा पगार थांबला आहे, त्याच्यासाठी अडकलेले 58,000 रुपये म्हणजे काही महिन्यांचे घरभाडे असते, आणि अशा माणसाला लवकर पैसे मिळण्याची वेगळी सोय असायला हवी, असे मला मनापासून वाटते. दुसरे असे की, करप्रणाली निवडण्याच्या प्रश्नाची मांडणी नवख्याला गोंधळात टाकते. नवी प्रणाली आपोआप निवडलेली असते. घरभाडे भत्त्याची सवलत किंवा कलम 80 क ची, म्हणजे ठरावीक बचत-गुंतवणुकीवरची, वजावट हवी असेल, तर जुनी प्रणाली आवर्जून निवडावी लागते, आणि ती निवड मुदतीत भरलेल्या विवरणपत्रातच करता येते. 31 डिसेंबरपर्यंत उशिरा विवरणपत्र भरता येते, परंतु तेव्हा नवी प्रणाली एवढाच पर्याय शिल्लक राहतो.

या सेवेला काहीही शुल्क नाही. परताव्याच्या टक्केवारीवर काम करून देतो म्हणणारे मध्यस्थ टाळावेत. खोट्या वजावटी दाखवून परतावे मिळवून देणाऱ्यांवर जुलै 2025 मध्ये खात्याने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत कारवाई केली, आणि अशा विवरणपत्राची जबाबदारी शेवटी करदात्यावरच येते. अर्धे वर्ष काम केलेल्याला खोट्या वजावटीची गरजही नसते, त्याचा परतावा खऱ्या आकड्यांतूनच निघतो. दोन मालक, शेअरची विक्री किंवा परदेशातील उत्पन्न असेल, तर सनदी लेखापालाचे शुल्क देणे योग्यच ठरेल.

मुदतीत विवरणपत्र भरले असल्यास कलम 244 अ नुसार 1 एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते. उदाहरणातील रकमेवर ते महिन्याला सुमारे 293 रुपये होते. ते फॉर्ममध्ये मागावे लागत नाही, प्रक्रिया केंद्र स्वतः मोजते. हे व्याज मात्र करपात्र असते. ज्या वर्षी ते हाती येते, त्या वर्षीच्या विवरणपत्रात ते इतर उत्पन्नात दाखवावे.