गव्हांकुर पावडर : सात महिने, सात बरण्या

सातवी बरणी परवा आली. झाकण उघडताच कळलं, हिच्यातला हिरवेपणा गेलाय. सहाव्या बरणीच्या तळाशी चमचाभर पावडर होती, ती कागदावर शेजारी ठेवून पाहिली. एक चिमूट मेथीच्या पानासारखी, दुसरी वाळलेल्या कडब्यासारखी. मुदत मात्र अजून वर्षभर! फोन केला तर उत्तर आलं, "नैसर्गिक माल आहे मॅडम, रंगात फरक पडतोच."

मला हे अजिबात पटलेलं नाही, कारण फेब्रुवारीत मी स्वतः करून पाहिलंय. रात्रभर भिजवलेले गहू ट्रेमध्ये इंचभर मातीवर पसरले आणि नवव्या दिवशी, कांडं धरायच्या आत, वीतभर गवत कापलं. पहिला घाणा गच्चीवर वाळवला. सोलापूरचं ऊन, संध्याकाळपर्यंत गवत पिवळट पडलं. दुसरा घरात पंख्याखाली सुती कापडावर वाळवला, तो गर्द हिरवा राहिला. उजेड आणि उष्णता हरितद्रव्याला सोसत नाहीत. मग एप्रिलच्या उन्हात कुरिअरच्या टेम्पोतून येणारा माल पारदर्शक प्लॅस्टिकच्या बरणीत का? गडद काचेची बाटली किंवा आतून चंदेरी पाकीट द्यायला काय हरकत आहे?

किमतीबद्दलची माझी तक्रार मात्र त्याच खटाटोपात मागे घेतली. शंभर ग्रॅमला ४४९ रुपये मला लूट वाटायची. पाव किलो गवत वाळवून, दळून, चाळून हाती तीस ग्रॅमही आलं नाही.

आता फायद्याचं. बरणीवर ‘हिरवं रक्त’ असं छापलंय. ऑक्टोबरात माझं हिमोग्लोबिन ९.६ होतं, जानेवारीत ११.४ झालं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांना हेच सांगितलं. मग डॉक्टरांनी विचारलं, "लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना?" चालू होत्या. हरितद्रव्याची रचना हिमोग्लोबिनमधल्या हीमसारखी दिसते खरी, पण त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं, हीमच्या लोह. एकाचं दुसरं होत नाही. ज्यांना सांगितलं होतं त्या प्रत्येकीला मी परत फोन केला. आतड्याच्या व्रणांच्या आजारावर इस्राएलमध्ये २००२ साली २३ रुग्णांवर चाचणी झाली, गुण दिसला, पण ती ताज्या रसाची आणि फार लहान. माझं पोट साफ राहतं एवढं खरं, पण तेही पावडरीमुळे की सकाळच्या पेलाभर कोमट पाण्यामुळे, हे सांगता येणार नाही.

सगळ्यात राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. मामंजींची हृदयाची झडप बदललेली आहे, वॉरफेरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. त्यांनाही रोज चमचाभर द्यायचं माझ्या मनात होतं. हिरव्या गवतात के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते या गोळीचा परिणाम कमी करतं, हे औषधाच्या दुकानात सहज बोलताना कळलं. बरणीवर त्याचा एक शब्द नाही.

पन्नास रुपयांचं कूपन देतो म्हणाले, मी नाही म्हटलं. पूर्ण पैसे हवेत. दोन्ही चिमटींचा फोटो पाठवलाय आणि ती बरणी तशीच झाकण लावून फडताळात ठेवलीय.