धामापूर तलावाभोवतीच्या वाटा: माउंटन बाइकसाठी कशा आहेत?

मालवणहून कुडाळकडे जाताना चौके मागे टाकले की पुढे धामापूरचा तलाव लागतो. येणारे पर्यटक भगवती देवीचे दर्शन घेतात, पाण्याकाठी फोटो काढतात आणि पुढच्या मुक्कामाला निघतात. तलावाला लागून असलेल्या डोंगरांत शिरणाऱ्या वाटांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. या वाटा माउंटन बाइकच्या दृष्टीने कशा आहेत, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे. ज्याला जांभ्या दगडावर सायकल चालवण्याची सवय आहे, किंवा ती करून घेण्याची तयारी आहे, त्याने येथे अवश्य यावे. आखलेला ट्रेल, दिशादर्शक पाट्या आणि उडी घेण्यासाठी बांधलेले उंचवटे मिळतील अशी अपेक्षा ठेवून जो येईल, त्याची मात्र घोर निराशा होईल.

या वाटा सायकलसाठी कोणी केलेल्या नाहीत. काजूच्या बागेत जाणाऱ्यांच्या, गुरांच्या आणि सरपण आणणाऱ्यांच्या वर्दळीने त्या पडल्या आहेत, त्यामुळे त्यांची वळणे आणि चढ हे सारे चालणाऱ्या माणसाच्या सोयीचे आहे. तलाव स्वतः १५३० सालचा. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी ग्रामस्थांच्या मदतीने डोंगरांमधल्या सखल भागाला मातीचा बांध घातला आणि पाणी अडवले. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आणि जलनिस्सारण आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत स्थान दिले. हे पाणी शेतीला जाते आणि मालवण शहराच्या नळांनाही येते. म्हणूनच जुन्या मातीच्या बांधावर सायकल चढवू नये आणि चिखलाने भरलेली चाके तलावात धुऊ नयेत, या दोन गोष्टी कोणी पाटी लावून सांगण्याची वाट पाहू नये. तलावाला सायकलवरून सलग प्रदक्षिणा घालता येईल असेही समजू नये. मला ती घालता आली नाही. काही ठिकाणी झाडी पार पाण्यापर्यंत उतरते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

खरी परीक्षा आहे ती जमिनीची. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, म्हणून त्याचे चिरे पाडता येतात, आणि उघड्यावर राहिला की तो टणक होत जातो. हाच दगड सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, उघडा पडतो तेव्हा त्याचा पृष्ठभाग भोकाभोकांचा, खडबडीत आणि कडांना धारदार असतो. कोरड्या हवेत या कातळावर टायरची पकड इतकी चांगली बसते की चढावर मागचे चाक घसरत नाही आणि चालवणाऱ्याचा आत्मविश्वास गरजेपेक्षा थोडा जास्तच वाढतो. सडा संपून उतार लागला की हिशेब बदलतो. कातळ झिजून सुटे झालेले वाटाण्याएवढे गोल लालसर खडे वाटेवर साचलेले असतात, आणि त्यांवर काजूच्या वाळक्या पानांचा थर असतो. पान दिसते, त्याखालचा खडा दिसत नाही. पुढचा ब्रेक जरा जोरात दाबला की चाक वळत नाही, सरळ पुढे सरकते, आणि सायकलस्वार गडग्याला, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणाला, जाऊन टेकतो. अशा उतारावर वजन मागे ठेवावे, वेग वळणाच्या आधीच कमी करावा आणि वळणात ब्रेकला हात लावू नये. हे नियम सगळीकडचेच आहेत. येथे ते मोडल्याचा जाब फार लवकर विचारला जातो.

टायरच्या बाबतीत काटकसर करू नये. गुळगुळीत किंवा अरुंद टायर येथे कुचकामी आहेत. निदान सव्वादोन इंच रुंदीचे, जाड बाजूभिंतीचे, ट्यूबलेस आणि आत सीलंट (भोक बुजवणारे द्रव) घातलेले टायर असावेत. साधारण ७० किलो वजनाच्या माणसाने हवा पुढे २४ आणि मागे २७ पीएसआयच्या आसपास ठेवली, तर कातळाचा खडबडीतपणा हाताला बराच कमी जाणवतो. याहून कमी हवा ठेवली तर जांभ्याच्या कडेवर रिम आपटते. करवंदीच्या काट्याचे भोक सीलंट बुजवते. कडेने फाटलेली बाजूभिंत मात्र त्याच्याने बुजत नाही, म्हणून एक जादा ट्यूब आणि टायरला आतून लावायचा तुकडा पिशवीत हवाच. मागे सस्पेन्शन नसलेली हार्डटेल सायकल येथे पुरते. फुल सस्पेन्शनवर पैसे घालावेत एवढे लांब उतार या डोंगरांत नाहीत.

घरांच्या जवळ आले की वाट दोन गडग्यांमधल्या पाणंदीत शिरते. कौलारू घरे, माडाच्या झावळ्या, अंगणात वाळत घातलेली आमसुले, असा हा भाग डोळ्यांना फार सुंदर आहे आणि सायकलसाठी तितकाच अवघड, कारण पाणंद अरुंद असते आणि समोरून म्हैस आली तर मागे फिरण्याखेरीज इलाज नसतो. कुंपणातले बेडे (फाटक) उघडावे लागले, तर पलीकडे गेल्यावर ते पुन्हा लावून घ्यावे. बागेत कोणी दिसल्यास उतरून विचारावे, "वाट खंय जाता?" उत्तर तर मिळतेच, पुष्कळदा त्यापुढची चार वळणेही समजावून सांगितली जातात.

पावसाळ्यात येथे येऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. जून ते सप्टेंबर कातळावर शेवाळ चढते आणि त्यावर कुठलाही टायर टिकत नाही. शिवाय खरचटलेल्या पायांनी शेताच्या चिखलपाण्यात उतरणे लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) दृष्टीने धोक्याचे आहे. दसऱ्यानंतर कातळ वाळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ, आणि त्यातही उन्हे चढण्याआधीची सकाळ. मार्चपासून काजूचा हंगाम जोर धरतो, बागांत माणसे असतात, उकाडाही असह्य होतो. संध्याकाळी उशिरापर्यंत डोंगरात थांबू नये. जिल्ह्यात गव्यांचा वावर वाढला आहे, आणि वळणापलीकडे काय उभे आहे हे कळायच्या आत सायकल तेथे पोहोचते. साधी घंटी लावलेली बरी.

स्वतःची सायकल आणणे शक्य असेल तर आणावी. कोकण रेल्वेने कुडाळला उतरता येते, सायकल पार्सल म्हणून पाठवता येते, आणि स्थानकापासून नेरूरपारच्या पुलावरून धामापूरपर्यंतचा रस्ता सायकलनेच गाठण्याजोगा आहे. किनाऱ्यावर भाड्याने मिळणाऱ्या सायकलींचा माझा अनुभव समाधानकारक नाही. एका ठिकाणी, ज्याचे नाव येथे देत नाही, मला दिलेल्या सायकलीच्या मागच्या ब्रेकची केबल खाऱ्या हवेने इतकी गंजली होती की लिव्हर दाबल्यावर परत येत नव्हता, तक्रार केल्यावर "पुढचा चालतो ना?" असे उत्तर मिळाले. धामापूरच्या तळ्याविषयी एक आख्यायिका आहे. लग्नकार्यासाठी फुलांचे दागिने परडीत घालून पाण्यात सोडले की तळे सोन्याचे दागिने वापरायला देत असे, आणि कोणीतरी ते परत केले नाहीत म्हणून तो व्यवहार बंद पडला. भाड्याच्या व्यवहारात दोष नेहमी घेणाऱ्याचाच असतो ही समजूत त्यामुळेच रूढ झाली की काय, अशी शंका त्या दुकानात मला आली. भाड्याने घ्यायचीच असेल तर दोन्ही ब्रेक, ब्रेकपॅडची जाडी, साखळीवरचा गंज आणि हेडसेटमधला (हँडल जिथे फिरते त्या सांध्यातला) खडखडाट दुकानातच तपासावा, आणि रस्त्यावर एक चक्कर मारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

नवशिक्याने पहिल्या खेपेस सड्यावरच सराव करावा आणि पानांनी झाकलेल्या उतारांवर सायकल हाताने उतरवावी. बऱ्यापैकी सराव असलेल्या दोघा-तिघांच्या गटाला अर्ध्या दिवसाची रपेट पुरेशी आहे. एकट्याने जाऊ नये, कारण दोन डोंगरांमधल्या सखल भागात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. पिण्याचे पाणी माणशी निदान दोन लिटर बरोबर घ्यावे आणि नाश्ता कुडाळात किंवा मालवणातच उरकून निघावे. वाटेवर दुकान लागत नाही.