रास्टर की व्हेक्टर?

खडकवासल्यात शिडाची होडी शिकलेले आम्ही पुणेकर समुद्राची तयारी घरीच, लॅपटॉपवर ओपनसीपीएन हे समुद्री नकाशे दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून करतो. ते फुकट आहे आणि रास्टर आणि व्हेक्टर या दोन्ही जातींचे नकाशे वाचतं. रास्टर म्हणजे कागदी नकाशाचं स्कॅन. नजरेला ओळखीचं, पण झूम केलं की आकडे नुसते फुगतात. व्हेक्टरमध्ये प्रत्येक खूण तिच्या माहितीसकट साठवलेली असते. बोयावर, म्हणजे पाण्यातल्या तरंगत्या खुणेवर, क्लिक केलं की दिव्याचा रंग, लुकलुकण्याचा काळ समोर येतो. सुरक्षित खोली आपण ठरवायची. त्याहून उथळ पाणी गडद निळं दिसतं. मला व्हेक्टरच हवा.

पण जपा! झूम न करता लांबून पाहिलं की व्हेक्टरमधले बारीक तपशील गाळले जातात. २०१४ च्या व्होल्वो ओशन रेस या जगप्रदक्षिणेच्या शिडाच्या शर्यतीत वेस्टास विंड ही होडी अशीच हिंदी महासागरात प्रवाळावर चढली. आखलेली वाट टोकापासून टोकापर्यंत झूम करून तपासाच.