ऑपरेशननंतरची मळमळ: मनगटाला पट्टी की अंगठ्याचा दाब?

पूर्ण भूल दिल्यानंतरचे पहिले २४ तास मळमळीचे. त्यात पेशंट बाई असेल, बिडी-सिगारेट ओढत नसेल, प्रवासात गाडी लागत असेल आणि दुखणं थांबवायला ट्रामाडॉल, फेंटानिल अशी औषधं मिळणार असतील, तर उलट्यांची शक्यता बरीच वाढते. भूलतज्ज्ञ देतात ते ओंडान्सेट्रॉन हे उलटीवरचं औषध घ्यायचंच. प्रश्न जोडीला काय करायचं, एवढाच आहे.

मनगटावर चढवायची, आत बटण असलेली पट्टी असो की अंगठा, जागा एकच: पी-६, म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूचा अॅक्युप्रेशरचा बिंदू. तळवा वर करा. मनगटाच्या घडीला लागून पेशंटचीच तीन बोटं आडवी ठेवा, आपली नव्हेत. तिसऱ्या बोटाच्या कडेला, दोन ताठ दोऱ्यांसारख्या शिरांच्या (स्नायूंच्या दोऱ्या, रक्तवाहिन्या नव्हेत) मधे तो बिंदू येतो. काहींच्या हातात यातली एक शीर नसतेच. तिथे हाताची मधली रेषा धरावी. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५च्या आढाव्यात ५९ चाचण्या एकत्र पाहिल्या होत्या, आणि या बिंदूमुळे मळमळ व उलट्या दोन्ही कमी झालेल्या दिसल्या. मात्र त्यात सुया, विजेची उपकरणं, पट्ट्या सगळंच आलं. नुसत्या अंगठ्याचा हिशेब त्यातून वेगळा काढता येत नाही.

पट्टीचा फायदा उघड आहे. भूल देण्याआधीच चढवता येते, आणि रिकव्हरीत, जिथे नातेवाइकांना सहसा सोडत नाहीत, तिथेही ती काम करत राहते. ऑपरेशन करून त्याच दिवशी नाशिकहून पेठला निघायचं असेल, तर सावळघाटाच्या वळणांवर पट्टीच बरी. हलत्या गाडीत अंगठा जागेवर टिकत नाही.

पण पट्टीचं बटण सरकतं, आणि माझ्या मते निवड इथेच ठरते. पेशंट गुंगीत हात वळवतो, सिस्टर नाडी बघायला पट्टी वर सारतात, बारीक मनगटावर ती आपोआप फिरते. बटण शिरेवर किंवा हाडाच्या कडेला जाऊन बसतं. वरून पाहिलं तर पट्टी व्यवस्थित दिसते, त्यामुळे कोणी तपासतही नाही. सलाईनने हात सुजला की तीच पट्टी काचते. बोटं गार किंवा निळसर पडली तर लगेच काढावी. वापरायचीच असेल तर बटणाच्या जागी पेनाने आधी खूण करा आणि दर दोन तासांनी बटण खुणेवर आहे का ते बघा.

अंगठ्याला हे कळतं. बिंदू सुटला की खालची शीर लागते आणि हात आपोआप सरकवला जातो. कातडी न घासता, बारीक गोल फिरवत २ ते ३ मिनिटं दाबायचं. ठणका जाणवावा, दुखू नये. नख लागू देऊ नका. पेशंटला हळू श्वास घ्यायला सांगा, मग दुसरा हात. मळमळीची लाट येते आहे असं वाटताच सुरुवात करावी. उलटी होऊ लागल्यावर दाबून फारसं हाती लागत नाही. अडचण एकच, रात्री दोनला जागं कोण राहणार? सोबतीला एकच माणूस असेल आणि तोही थकलेला, तर पट्टी लावून खूण तपासत राहणं शहाणपणाचं. एरवी वॉर्डात माझा कल अंगठ्याकडे.

पायाला तेल चोळल्याने पेशंट शांत होतो, पण मळमळीसाठी मी त्यावर विसंबणार नाही. तेलाच्या किंवा बामच्या उग्र वासाने उलट ओकारी येते. ऑपरेशननंतर पोटऱ्या तर चोळूच नयेत: रक्तवाहिनीत रक्ताची गाठ झाली असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

सलाईनचा हात, डायलिसिसच्या फिस्टुलाचा (त्यासाठी रक्तवाहिन्या जोडलेला) हात आणि स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा हात सोडून द्यावा. कंबरेत सुई देऊन भूल दिली असेल आणि लगेच मळमळू लागलं, तर बीपी उतरलेलं असू शकतं. आधी डॉक्टरांना सांगा. उलटीत रक्त, फुगून ताठ झालेलं पोट किंवा वाढत जाणारी गुंगी दिसली तर दाबत बसू नका, सिस्टरना हाक मारा. आणि उलटी होताना गुंगीतल्या पेशंटला कुशीवर वळवा.