शिडीचा डॅक घ्यावा की डेल्टा-सिग्मा?

डॅक म्हणजे डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर, डिजिटल संगीत ऐकण्याजोग्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग. दोन्ही प्रकारांचं काम एकच, आकड्यांचं व्होल्टेज करणं. रीत मात्र उलटी.

शिडीच्या, म्हणजे आर-टू-आर डॅकमध्ये प्रत्येक बिटाला (आकड्यातल्या ० किंवा १ ला) रेझिस्टरची एक पायरी असते आणि प्रत्येक पायरीचं वजन आधीच्या पायरीच्या निम्मं. सीडीच्या १६ बिटांना ६५,५३६ पातळ्या. सगळ्यात वरच्या बिटाचा रेझिस्टर किंचित चुकला तरी खालच्या बिटांची किंमत त्या चुकीत बुडून जाते. शिवाय ही चूक अडचणीच्या जागी दिसते. साध्या शिडीत सिग्नल शून्य ओलांडतो तेव्हा वरचा बिट एका दिशेला आणि बाकीचे सगळे उलट दिशेला फिरतात. तारेचा सूर विरत जाताना सिग्नल शून्याच्या आसपासच घोटाळतो, आणि खोटही तिथेच. धन-ऋण बाजूंना वेगळ्या शिड्या देऊन यावर उपाय करतात. मग रेझिस्टर वाढतात आणि किंमतही.

डेल्टा-सिग्मा अचूक रेझिस्टरच्या वाटेला फारसा जातच नाही. मोजक्याच पातळ्या, पण सेकंदाला लाखो वेळा बदलायच्या आणि त्यातून होणारा गोंगाट २० किलोहर्ट्झच्या वर, कानाच्या टप्प्याबाहेर ढकलायचा. मोजमापात तो सहसा सरस ठरतो, तोही स्वस्तात. ‘डिजिटल, कोरडा आवाज’ ही तक्रार मला तरी चिपपेक्षा ऐकीव मतांची जास्त वाटते.

ऐकू येण्याजोगा फरक खरं तर फिल्टरमध्ये, म्हणजे निघणारं व्होल्टेज गुळगुळीत करणाऱ्या भागात सापडतो. ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे मूळ आकड्यांच्या मध्ये हिशेबाने जादा आकडे भरणं, टाळणारे नॉस (नॉन-ओव्हरसॅम्पलिंग) डॅक (बहुधा शिडीचेच) सीडी वाजवताना २० किलोहर्ट्झला सुमारे ३ डेसिबल खाली येतात. त्यालाच लोक ‘ऊबदार’ म्हणतात. आवडला तर जरूर घ्या. पण तो रंग आहे, अचूकता नव्हे.

पहिलाच डॅक असेल तर डेल्टा-सिग्मा घ्या, उरलेले पैसे स्पीकरवर घाला. शिडी हवीच असेल तर दोन्ही शेजारी ठेवून ऐका, पण आवाजाची पातळी जुळवून. मी एकदा न जुळवताच शिडीच्या बाजूने कौल दिला होता. नंतर शंभरेक हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टीमीटर धरला, तर शिडीवाला जवळपास एक डेसिबल मोठा निघाला. पातळी सारखी केल्यावर कुठला कुठला, ते मला ओळखता येईना.